हद्दीचा दगड

शेताचा बांध देशाच्या सीमेइतकाच पवित्र, असं कडेगावच्या सुभेदार लालासाहेबांचं मत होतं. सीमा त्यांनी पगारावर राखली, बांध वकील लावून. बांधापलीकडं धाकटा भाऊ आनंदराव. बोलणं फक्त कोर्टात. आज भाड्याच्या ट्रॅक्टरवरून फारूक उतरला. “आवं सुभेदार, ट्रॅक्टर महागला, डिझेल महागलं, तासाचा दर वाढला. चिंचोळ्या पट्टीत निम्मा तास वळायलाच जातोय. उसात काय उरंल?” सुभेदारांनी पहार हद्दीच्या दगडाखाली घातली. आनंदराव काठी घेऊन धावत आला. “दादा, दगडाला हात लावायचा न्हाई.” “लावणार. बांध मोडून दोन्ही पट्ट्या एकदम नांगरू. भाडं निम्मं-निम्मं.” आनंदरावाची पट्टीही तेवढीच चिंचोळी होती. त्यानं काठी टाकली. “एकट्याला निघतोय व्हय त्यो? सरका.” दगड निघाला, दुपारपर्यंत नांगरट उरकली. मंगळवारी दोघांचे वकील त्या दगडाच्या नेमक्या जागेवर युक्तिवाद करणार आहेत.