दादाजीचा इमानी वाचक

बेसा गावातल्या ताराचंदनं ब्लॉगवर कन्हान नदीत वाघाला साबण लावल्याची खरीखुरी गोष्ट लिहिली, तरी वाचक दोनच: तो आणि बायको मैना. काटोलचा मित्र दादाजी मात्र ब्लॉगवर ‘आज संत्र्याला पाणी दिलं’ एवढंच लिहायचा, अन् वाचकांचा आकडा चढतच जायचा. ताराचंद चहाआधी तो ब्लॉग उघडून आकडा पाही, चहानंतर पाही, जेवताना पाही, दरवेळी वाढलेलाच. “मैना, लोकायले पाणीच गोड लागून राहिलं वं!” तो जळफळायचा. परवा दादाजीच थैलीभर संत्री घेऊन दारात उभा. “भाऊ, सून ब्लॉगचा हिशेब पाहून म्हणते, मले वाचक एकच आहे, पण दिवसभर येऊन राहते. बेसातलाच म्हणे. सापडला तर त्याले ही दे गा.” मैनाबाईनं संत्रं सोलून नवऱ्याच्या हातावर ठेवलं. निदान आंबट असेल म्हणून ताराचंदनं फोड तोंडात टाकली. तीही मेली गोड निघाली!