उघडीप

सेंट लॉरेन्स नदीच्या काठी आम्ही तंबू ठोकला आणि जो पाऊस लागला तो तीन दिवस हटला नाही. समोरची बेटंही दिसेनाशी झाली. माझा नवरा लॉर्न आणि मुलगा कर्टिस यांचा चार वर्षांचा अबोला. एकानं होडीतून मासे धरायला जायचं, दुसऱ्यानं उलट दिशेला वल्हवत निघायचं, असं ठरवूनच दोघं आले होते. आता तिघांना मिळून एक तंबू. पाऊस थांबव रे देवा, एवढंच मी मागत होते.

तिसऱ्या दिवशी कंटाळून कर्टिसनं पत्ते काढले.

"पिसायला अजून येत नाही तुला," लॉर्न म्हणाला.

"शिकवलं कोणी, डॅड?"

लॉर्न चक्क हसला. मग रात्रीपर्यंत डाव आणि भांडणं.

सकाळी मी तंबूची चेन उघडली. बाहेर लख्ख ऊन. लॉर्ननं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि चेन पुन्हा ओढून घेतली.

"अजून भुरभुरतंय. वाट पत्ते."

"खरंच, मॉम?" कर्टिसनं विचारलं. तंबूच्या कापडातून ऊन त्याच्या तोंडावर आलं होतं.

मी आधी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. मग म्हणाले, "हो रे, चांगलाच लागलाय."