निळ्या मोराचा कप

“हा मात्र माझा,” म्हणत मंजुषाताईंनी टेबलावरून नेमका निळ्या मोराचा कप उचलला. “इतका नाजूक रंगवलाय कुणी?”

“मी!” आठ वर्षांची श्रेया टुणकन पुढं आली.

सरोजिनीबाईंना भरून आलं. लेकीच्या, नीरजाच्या होणाऱ्या सासूबाईंना नातीच्या हातचं काम आवडावं, आणखी काय हवं? नीरजाच्या मैत्रिणींनी लग्नाआधी चहाच्या थीमचा ब्रायडल शॉवर ठरवला, तेव्हा सगळे म्हणत होते, सजावट विकत आणा. पण सरोजिनीबाईंचा उभा जन्म बालवाडीतल्या पोरांना कागद कातरायला शिकवण्यात गेलेला. त्यांनी आणि श्रेयानं मिळून पुठ्ठ्याच्या किटल्यांचं तोरण केलं, चहामसाल्याच्या पुरचुंड्या गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या रिबिनींनी बांधल्या. आणि आदल्या संध्याकाळी, पाहुण्यांना घरी न्यायला, जुन्या कपांना रंग देऊन त्यात पुदिन्याचं एकेक रोप लावलं.

“काकू, आता अमृततुल्य टाकाच,” एक मैत्रीण म्हणाली. “गल्ल्यावर श्रेया.”

हशा पिकला. तेवढ्यात कामाच्या मनकर्णाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. सकाळपासून फरशी, भांडी, खुर्च्या, सगळं त्यांच्याच अंगावर होतं.

“ताई, च्या घ्यावा म्हनलं, तर माझा कप दिसंना. मागच्या बाल्कनीत नळावर पालथा घातलेला व्हता.”

सरोजिनीबाई ‘बघते हं’ म्हणणार, तोच श्रेया ओरडली, “तो काय, या आजींच्या हातात! तूच म्हणालीस ना आज्जी, सेट फुटून एकटे पडलेले कप शोधून आण? हा सगळ्यांत एकटा होता. बाहेरच राहायचा.”

सरोजिनीबाई त्या कपाकडं बघत राहिल्या. रंगाखाली तो ओळखूच आला नव्हता. ओळखणार तरी कसा? त्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. रोज वरूनच चहा ओतायच्या.

मंजुषाताईंनी कप हळूच टेबलावर ठेवला. बोटं रुमालाला पुसली.

“असू द्या हो,” त्या समजुतीनं म्हणाल्या. “आमच्याकडेही बाईचा वेगळाच असतो.”

सरोजिनीबाईंच्या कानशिलांना चटका बसला. विहीणबाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

“पण वेगळा का?” श्रेयानं विचारलं.

पोरांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच, हा सरोजिनीबाईंचा नेम. वर्गात त्यांनी तो कधी मोडला नव्हता. आता मात्र त्या टेबलावरच्या पुरचुंड्या सरळ करू लागल्या.

शेवटी मनकर्णाबाईच मदतीला धावल्या. “अगं बाळे, मलाच तशी सवय हाय,” त्या हसत म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या ताई. घरी जाऊन घेते.”

“नाही, थांबा तुम्ही.”

सरोजिनीबाईंनी पाहुण्यांसाठी काढलेल्या सोनेरी कडेच्या सेटमधला कप घेतला, चहा ओतला आणि बशीसकट मनकर्णाबाईंच्या हातात दिला. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे त्यांना ठाऊक होतं. थोडा चहा बशीत सांडला.

“इथंच बसा. खुर्ची घ्या.”

मनकर्णाबाईंनी एकदा खुर्चीकडं पाहिलं, एकदा मंजुषाताईंकडं. मग कपबशी सांभाळत त्या मागच्या बाल्कनीत निघून गेल्या.

मैत्रिणींनी गाणी लावली, खेळ सुरू झाले. दिवेलागणीला पाहुणे पुरचुंड्या आणि कप घेऊन गेले. मंजुषाताईंनी गुलाबाचा कप नेला. निळा मोर पुदिन्यासकट टेबलावरच राहिला.

सरोजिनीबाई तोरण सोडवत होत्या. श्रेया बाल्कनीतून धावत आली. तिच्या हातात सोनेरी कडेचा कप होता, स्वच्छ धुतलेला, अजून पाणी ठिबकत होतं.

“आज्जी, हा बघ. नळावर पालथा घातलेला होता,” ती म्हणाली. “हा पण एकटा पडला. रंगवू का?”