फेशियल असिमेट्री

"प्रेमा येऊ शकणार नाही," उपेंद्र दारातच म्हणाला. "तिला लेफ्ट साइडेड फेशियल असिमेट्री झालीय."

खालच्या मजल्यावरच्या कानडी कृष्णाबाई कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं.

"दुसऱ्याला लागतं काय ते, अण्णा?"

"छे हो! टेम्पररी डिव्हिएशन आहे. विदिन लिमिट्स."

उपेंद्रची चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेली होती. इतक्या वर्षांत त्यानं एकाही भागाला वाईट म्हटलं नव्हतं. शेऱ्यात फक्त डिव्हिएशन असायचं. बायकोचा चेहरा फिरल्यापासून तिच्याबद्दलही तो हेच सगळ्यांना फोनवर सांगत होता. पुण्याच्या बहिणीला त्यातलं काही कळलं नाही. तिनं आपलं काहीतरी भयंकर समजून अंगारा पाठवला होता. प्रेमा तीन आठवडे घराबाहेर पडली नव्हती.

"सरी. पण कुंकू लावल्याशिवाय आमंत्रण होत नाही आमच्यात," म्हणत कृष्णाबाई आत शिरल्या. जे. पी. नगर वसल्यापासून त्या तिथल्या. त्यांना कोण अडवणार?

प्रेमा तोंडावर पदर धरून बाहेर आली. कृष्णाबाईंनी तो सरळ खाली ओढला.

"अय्यो! तोंड वाकडं झालंय की गं तुझं!"

उपेंद्रनं कॅलेंडरकडे पाहिलं.

प्रेमाला आधी हुंदका आल्यासारखं झालं. मग ती हसली. हसू एकाच बाजूनं बाहेर पडलं आणि बराच वेळ पडत राहिलं.

"हो ना. वाकडंच झालंय, कृष्णाक्का."

"चहा सांडतो?"

"रोज. डोळाही मिटत नाही हा."

"मग पातळ काही नको तुला. चकली खा." त्यांनी थरथरत्या हातानं कुंकू लावलं. "पाचला ये. बायका एकदा बघतील स्वल्प. मग आपापल्या सुनांवर घसरतील."

दार लागलं. प्रेमा नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मधोमध लागलंय का हो? त्यांचा हात हलतो."

"आरसा आहे ना आत."

"तुम्ही सांगा. तपासायचं कामच होतं की तुमचं."

हे सांगायचं तर तिच्याकडे बघावं लागणार होतं. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला, मग बघितलं. डावा गाल उतरलेला. ओठ उजवीकडे ओढलेले. न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते तिनं पदरानं टिपलं.

"कुंकू मधोमध आहे," तो म्हणाला. मग नव्यानं भाषा शिकणाऱ्या माणसासारखं एकेक अक्षर जुळवत म्हणाला, "तोंड... वाकडं आहे."

"हं," प्रेमा म्हणाली आणि तीन आठवडे कपाटामागे पडलेल्या चपला शोधायला वाकली.