कार्डावरची नाडी

“नाडी बहात्तर, नियमित,” परीक्षक बाईंनी हातातल्या कार्डावरून वाचलं. “पुढे.”

ती पुढे गेली नाही. तिची तीन बोटं काकांच्या मनगटावर होती आणि बोटांना काही वेगळंच लागत होतं.

खरं तर बोटं तिथे असायचं कारणच नव्हतं. ही परीक्षा होती आणि समोरचे काका पगार घेऊन आजाराचं सोंग करणारे पेशंट होते. नऊ वर्षं ते याच खुर्चीत पोट धरून कण्हत आले होते. सगळे त्यांना पोटदुखीवाले काका म्हणत. इथली रीत अशी, की विद्यार्थ्याने नुसतं म्हणायचं, “मी नाडी बघतो.” बाईंनी कार्डावरचा आकडा वाचायचा. की लगेच विद्यार्थ्याने ठरलेल्या वीस प्रश्नांतला पुढचा काकांना विचारायचा. आठ मिनिटांत सगळं उरकायचं, तिथे हात लावत बसायला वेळ कुणाला? त्या दिवशी तिच्याआधी तेवीस जण हे असंच करून हसत बाहेर पडले होते.

तिला ही रीत माहीत नव्हती. ती दुसऱ्या देशातून आलेली. तिच्या कॉलेजात हृदयाचा आलेख काढायचं यंत्र एकच. ते कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडे ते कारकून सदा चहाला गेलेले. त्यामुळे तिथली मुलं बोटांवर डॉक्टर होत. सर समोर घड्याळ ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजायला लावत. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्याला सरळ वर्गाबाहेर काढत.

काकांची नाडी दोनदा धावली, थबकली, मग चार ठोके एकमेकांना ढकलत गेले. पुन्हा थबकली. कशाचा कशाला मेळ नव्हता.

“काका, छातीत धडधडतं का हो?” तिने विचारलं.

“पोटात दुखतंय गं!” काका कण्हले. पगाराला जागणारा माणूस.

“वीस प्रश्नांतला एकही झाला नाही अजून,” बाई म्हणाल्या. “तीन मिनिटं उरलीत.”

या परीक्षेत पास होणाऱ्यालाच इथल्या वॉर्डात आठ आठवडे खरे पेशंट तपासायला मिळणार होते. नापास झालेल्याने सामान आवरायचं. परदेशातल्या या अनुभवासाठी तिने दोन वर्षं अर्जांमागून अर्ज केले होते. आईने तर अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. वीसही प्रश्न तिला तोंडपाठ होते. हात सोडायचा आणि घडाघडा विचारून मोकळं व्हायचं, एवढंच काम होतं.

तिने हात सोडला नाही.

“मॅडम, कार्डाची नाडी बहात्तर आहे,” ती म्हणाली. “काकांची नाही.”

“परीक्षा कार्डावर आहे.”

“मग मला शून्य द्या. पण यांचा आलेख काढल्याशिवाय मी इथून हलणार नाही. अशा नाडीत रक्ताची गुठळी होते आणि ती केव्हाही मेंदूत जाते.”

घंटा वाजली. बाईंनी तिच्या कागदावर खरोखरच शून्य घातलं. मग, या पोरीची जिरवावी म्हणून, काकांचं दुसरं मनगट धरलं.

धरलं ते धरलंच. बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. “काका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “नाटक पुरे. खरं सांगा.”

काकांनी पोटावरचा हात काढला. ओशाळून म्हणाले, “महिना झाला. जिना चढलो की धडधडतं. म्हटलं, वयच झालं.”

चाकाची खुर्ची आली. काका गेले, मागोमाग बाईही गेल्या. रिकाम्या खोलीत तिने आपला कागद पाहिला. वीस चौकोन कोरे आणि खाली भलंमोठं शून्य. तिला रडू कोसळलं.

संध्याकाळी यादी लागली. तेवीस पास. चोविसावी ती. वॉर्डातल्या सिस्टरने तेवढं सांगितलं, की आलेखात तेच निघालं, औषध वेळेवर सुरू झालं, काका आता चहासाठी भांडतायत.

तिने घरी फोन लावला. “आई, नापास झाले गं.” आणि सगळं सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माणूस बरा आहे ना? मग जेवून घे. गल्लीचं मी बघते.”

सकाळी परीक्षा विभागातून निरोप आला, आठ वाजता हजर राहा. बॅग भरूनच ती निघाली. व्हरांड्यात तेवीस जण रांगेने उभे होते. त्यांना वॉर्डाचे बिल्ले मिळणार, आपल्याला परतीचा कागद, असं धरून ती निमूट शेवटी जाऊन उभी राहिली. काल पार्टीच्या गप्पा मारणारेही आज बुटांकडे बघत होते.

दार उघडलं. बाई बाहेर आल्या. आज त्यांच्या हातात कार्डांचा गठ्ठा नव्हता. रांगेवरून नजर फिरवत त्या शेवटापर्यंत चालत आल्या आणि तिच्यासमोर थांबल्या.

“तू इथे कशाला उभी आहेस?” त्या म्हणाल्या. “वॉर्डात जा, पेशंट वाट बघतायत. ही रांग नापास झालेल्यांची आहे.”