पहिला कायमचा पत्ता

टोळीने मुक्काम हलवला की धान्य भरडायचा दगडी पाटा पाठीवर घेऊन रानोमाळ फिरायचं काम थोरल्या सुनेचं. यंदा तिने ओढ्याकाठी मूठभर रानगहू पेरला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, एवढं पीक निघेपर्यंत थांबू या ना!" पीक असं आलं, की ते उचलून नेणंच अशक्य, मग नवऱ्याने झक मारत भिंती घातल्या, छप्पर टाकलं. पाटा एकदाचा कोपऱ्यात बसला आणि ती त्याच्याभोवती गिरक्या घेत नाचली.

दुसऱ्याच दिवशी नणंद दारात उभी, मागे तिची अख्खी टोळी.

"अगं वहिनी, इतकी वर्षं तुम्हाला शोधायचं कुठे तेच कळेना. आता कायम इथेच ना? मग आम्ही राहायलाच आलोय. चल, घे भरडायला!"