भावाचा विभाजक

चाळीस अंकांची ती संख्या मूळ आहे, तिला कशानेच भाग जात नाही, असं गणिताचे मास्तर छातीठोकपणे सांगत. धाकट्या भावाने तिचा विभाजक शोधून आणला, तेव्हा त्यांनी चारचौघांत त्याला वेड्यात काढलं. तो घर सोडून गेला आणि पुढे आली ती त्याच्या मृत्यूचीच बातमी.

वर्षभराने मास्तरांनी त्याच विभाजकाने कागदावर भाग देऊन पाहिला. बाकी शून्य. संगणकावर बाकी सात. कागदावर पुन्हा शून्य.

तिसऱ्यांदा बायकोने एकेक पायरी ताडून पाहिली. शून्यच.

"आता तरी भावोजींचं खरं होतं म्हणा," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी कागद बाजूला सारून पुन्हा संगणक सुरू केला.

समोरची भावाची रिकामी खुर्ची सावकाश मागे सरकली, वाट पाहून कुणी उठावं तशी.